फिरकीचा तांब्या

आप्पा,

प्रूफ आलंय. तुमच्या तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी प्रेसवाल्याचा फोन आला, म्हणाला, ताई, सगळी पानं लागलीत, एकदा नजर घाला की छापायला टाकतो. मी म्हटलं, थांबा. तो म्हणाला, किती दिवस? मी म्हटलं, माहीत नाही. त्यानं बिचाऱ्यानं फोन ठेवला. त्याला वाटलं असेल, बाई आत्ताच बापाला पोचवून आलीय, डोकं ठिकाणावर नसणार. डोकं ठिकाणावरच आहे, आप्पा. गेल्या एकोणतीस वर्षांत इतकं ठिकाणावर कधी नव्हतं.

दहाव्याला पिंडाला कावळा लगेच शिवला. पान ठेवून माणसं मागं सरकतायत न सरकतायत तोच. शेजारचे धोंडूकाका म्हणाले, आप्पाची काय इच्छा राह्यली नव्हती, निवांत गेला. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. पण तुमची एक इच्छा राहिली होती आणि ती मला एकटीला ठाऊक होती, कारण ती माझ्याच हातून व्हायची होती. तुम्ही कावळ्यालासुद्धा ताटकळत ठेवलं नाहीत. तासभर तरी रुसायचं होतं. मग मला सगळ्यांदेखत पुढं होऊन हात जोडून म्हणता आलं असतं की लिहिते, आप्पा, लिहिते. तेवढीही संधी दिली नाहीत. तुमचं हे असंच. कुणाला अडवायचं नाही, कुणाला धरायचं नाही, आणि आपण सगळं पोटात घालून मोकळं व्हायचं. राग येतो मला याचा. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. म्हणू देत.

पुस्तकाचं वेड तुम्हीच लावलंत. आईचं वर्षश्राद्ध झालं आणि तुम्ही बाळूला नि मला म्हणालात, चला, समुद्र बघून येऊ. आपली वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या खांद्यावर. आईचं माहेर त्याच्याही वर. समुद्र एस.टी.नं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, पण तिनं तो जन्मात बघितला नव्हता. म्हशींना सोडून जाणार कोण? बोकड विकून तुम्ही तिकिटाची सोय केलीत आणि म्हशी धोंडूकाकांच्या गळ्यात मारल्यात. महाडच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. तिथं तुम्ही एका दुकानातून शंभर पानी वही घेऊन माझ्या हातात दिलीत. तू शिकलेली हायस, लिवून ठेव, म्हणालात, म्हंजे इसरायचं नाय. मी तेव्हा बारावी नापास झाले होते, पण तुमच्या लेखी शिकलेलीच.

ती वही अजून आहे. पहिल्या पानावर गाडी किती वाजता सुटली, माणगावला वडापाव कसा होता, बाळू कुठं ओकला, असं सगळं. त्याच पानावर खाली मी लिहिलंय, 'मी मोठी झाल्यावर आमच्या घरच्या प्रवासांचं पुस्तक लिहिणार.' अठरा वर्षांची घोडी, आणि 'मोठी झाल्यावर' म्हणे! मग लग्न झालं, महाडला आले, दोन मुलं झाली, कचेरीसमोर टायपिंग-झेरॉक्सचं दुकान थाटलं. लोकांचे अर्ज लिहिता लिहिता बोटं झिजली. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून, आपला विश्वासू. आपलं स्वतःचं लिहायचं ते उद्या, पावसाळ्यानंतर, मुलाची दहावी झाली की. तुम्ही मात्र दर खेपेला दुकानात आलात की पहिला प्रश्न तोच. "लिवलंस काय गो बाय?" माझ्या नवऱ्यानंसुद्धा इतक्या वेळा विचारलं नाही, आणि त्याला वाचायला तरी येतं.

नऊ प्रवास केलेत तुम्ही आम्हाला घेऊन. भात झोडून झालं की माघ-फाल्गुनात कधीतरी. हरिहरेश्वर, कोल्हापूर, गणपतीपुळे, तुळजापूर, नाशिक. महाबळेश्वर तर आपल्या डोक्यावर, घाट चढला की आलं, तरी वाडीतलं कुणी गेलं नव्हतं, तुम्ही गेलात. आणि दर प्रवासात तुमच्या हातात तो पितळेचा फिरकीचा तांब्या. एक वेळ कपड्यांची पिशवी विसरली तर चालेल, पण तांब्या भरल्याशिवाय पाऊल नाही. गाडी कुठल्याही स्टँडात शिरली की तुम्ही आधी उतरणार, नळ शोधणार, असलेलं पाणी ओतून देऊन ताजं भरणार, झाकण पिळून पिळून बसवणार. प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या, त्या वीस रुपयांना झाल्या, तरी तुमचा तांब्या काही हटला नाही.

कोल्हापूरला काय झालं आठवतं? गाडी सुटली आणि तुम्ही नळावर. मी नि बाळू खिडकीतून बोंबलतोय, कंडक्टर घंटी मारतोय, आणि तुम्ही लेंगा सावरत, तांब्या पोटाशी धरून धावताय. दारात चढल्यावर कंडक्टर म्हणाला, काका, पाण्यापायी गाडी सोडाल एखाद दिवस. तुम्ही म्हणालात, सोडीन. सगळी गाडी हसली. ते प्रकरण मी महाडातल्या एका दिवाळी अंकाला दिलं तेव्हा लोक दुकानात येऊन मला सांगून गेले, ताई, काय हसलो! आंबेनळी घाटातली ती नवी नवरी, गाडी लागून पांढरी पडलेली. तिच्यासमोर तुम्ही उकिडवे बसलात, आणि ती पोटभर पिईपर्यंत हलला नाहीत. तिचा नवरा संकोचून म्हणतोय, बाबा, पुरे, बाटली आहे आमच्याकडे, आणि तुम्ही त्याच्याकडं बघतसुद्धा नाही. तेही मी रंगवून लिहिलं. हसण्यासारखंच होतं.

समुद्राचं मात्र रंगवता आलं नाही. हरिहरेश्वरला वाळूत उतरलात, गुडघाभर पाण्यात गेलात, ओंजळीत घेऊन चव बघितलीत आणि थुंकलात. येवढं पानी, आनि पेवाय घोट नाय, असं म्हणालात. मग तुम्ही तांब्याची फिरकी उघडली, आधी मला दिलंत. मी प्यायले. बाळूपुढं धरलात तर त्यानं मान फिरवली आणि देवळापाशी नळ होता तिथं चालत गेला. दहा वर्षांचं पोर, ओठ सुकलेले, पण तुमच्या हातचं पाणी घेतलं नाही. पुढच्या सगळ्या प्रवासांत त्याचं हेच. मी पुस्तकात लिहिलंय, 'बाळूला परगावच्या नळांचं भारी कौतुक.' वाचणाऱ्याला गंमत वाटेल. ते वाक्य मी इतक्या सहज कसं लिहिलं, हे मला आज कळत नाही.

दोन वर्षांपूर्वी एकदाचं लिहायला बसले. गिऱ्हाईक नसलं की अर्जांच्या फाइली बंद करून आपली फाइल उघडायची. तुम्ही डोळ्यांच्या दवाखान्यासाठी महाडला उतरायचात, तेव्हा तुम्हाला वाचून दाखवायची. दुकानाच्या पायरीवर भिंतीला पाठ लावून ऐकायचात. मार्चमध्ये चवदार तळ्यावर माणसं येतात, बायाबापड्या, लेकरं, कुठून कुठून, उन्हातान्हाची. त्या दिवसांत तर तुम्ही मुद्दाम उतरायचात. तांब्या नि दुकानातली कळशी घेऊन पायरीवर बसायचात आणि कुणी दमलेलं दिसलं की पुढं करायचात. एकदा मला म्हणालात, पान्याला नाय म्हनाया नको गो कुनी कुनाला, लय वंगाळ हाय ते. मी कीबोर्डवर बोटं ठेवून बसले होते.

आता ते शेवटचं भांडण. शेवटचं असेल हे मला काय ठाऊक! त्यानंतर तीन आठवड्यांतच तुम्ही गेलात. त्या दिवशी नऊही प्रकरणं वाचून झाली होती. तुम्ही डोळे मिटून भिंतीला टेकला होतात. मला वाटलं, डोळा लागला की काय.

"समदं बराबर लिवलंस," तुम्ही म्हणालात. "पन मी पानी कशापायी घिऊन फिरायचो, ते नाय लिवलंस."

मी म्हटलं, ते या पुस्तकात बसत नाही, आप्पा. हे आपल्या घरच्या प्रवासांचं पुस्तक आहे.

"मंग तो काय होता? तू, मी, बाळू, समदी निघालो होतो की तिला घिऊन. पयला परवास तोच."

तुम्ही पुढं म्हणालात, मी तिला इसाव्याव ठेवू दिली नाय ते लिव, माझी चूक हाय ती लिव. बाळू वाचंल.

बाळू वाचंल. तिथंच माझं डोकं फिरलं. मी ताडकन उठले आणि म्हटलं, लोकांना रडवायला मी पुस्तक लिहीत नाही, तुम्हाला एवढंच हवं असेल तर तुम्हीच लिहा. सहीपुरती पाच अक्षरं येणाऱ्या माणसाला मी हे म्हटलं. तुम्ही मुकाट्यानं कळशीतून तांब्या भरला, फिरकी बसवलीत आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघालात. गाडीला अजून तास होता. मी तुम्हाला थांबवलं नाही. चहाचंही विचारलं नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण हे आता चारचौघांनी वाचायचं आहे. तेव्हा वाडीला रस्ता नव्हता. खाली पोलादपूरला जायला एकच पायवाट, दोन तासांची. आजारी माणूस त्याच वाटेनं डोलीतून जायचा आणि मेलेला त्याच वाटेनं तिरडीवरून. अर्ध्या उतारावर एका बेहड्याच्या झाडाखाली सपाट कातळ आहे, तो विसावा. तिथं तिरडी ठेवायची, खांदेकऱ्यांनी बाजू बदलायच्या, बायांनी तिथूनच मागं फिरायचं, पुरुषांनी खाली ओढ्याकाठी जायचं. त्या कातळावर जितं माणूस ठेवायचं नाही, हा वाडीचा नेम. डोली उचलणाऱ्याचा खांदा सोलून निघाला, पाय लटपटले, तरी तिथं टेकवायची नाही. तेवढ्या वाटेत सपाट जागा ती एकच, आणि झराही तिथंच, कातळाच्या खालच्या अंगाला.

वैशाख होता. विहिरीत तळाचं गढूळ उरलं होतं, आणि आईला दोन दिवस जुलाब-ओकारी. तिसऱ्या सकाळी तिचे डोळे आत गेले तेव्हा तुम्ही घोंगडी बांबूला बांधलीत. पुढं धोंडूकाका, मागं तुम्ही, बदलायला आणखी चौघं. मागून मी, आणि माझ्यामागं नऊ वर्षांचा बाळू आईच्या चपला हातात घेऊन. दवाखान्यात पोचल्यावर तिला लागतील म्हणून त्यानं स्वतःच उचलल्या होत्या. ऊन चढलं. विसावा जवळ आला तशी आई पाणी मागायला लागली. मी ओरडले, ठेवा तिला, खाली उतरवा, झरा इथंच आहे. तुम्ही म्हणालात, "हितं नाय ठेवायची." कुणी थांबलं नाही. पुढच्या वळणावर उंबराखाली डोली टेकवली तेव्हा ती गेली होती. मी तिथं सगळ्यांसमोर तुम्हाला म्हटलं, "तुम्ही तिला तहानेनं मारलंत."

बस. वाडीला ठाऊक आहे ते एवढंच. बाळूलाही एवढंच. माझं ते वाक्य वाडीत घरोघर फिरलं. तुम्ही आम्हाला घेऊन समुद्राला निघालात तर पाणवठ्यावर बाया म्हणाल्या, बायको घालवलीन नि आता देव बघत फिरतोय. तुमच्या कानावर ते आलं होतं, मला माहीत आहे. बाळू दहावीनंतर मुंबईला गेला, नोकरीला लागला, गणपतीला दीड दिवस यायचा आणि तुमच्यापासून चार हात लांब बसायचा. तुम्ही त्याच्या पोरांना जवळ बोलवायचात, तर तो काहीतरी कामाला पाठवायचा त्यांना. तुमचा मुलगा तुम्हाला एका वाक्यानं दुरावला आणि ते वाक्य माझं होतं.

तुम्ही गेलात त्या दिवशी धोंडूकाकांनी फोन केला. भरदुपारी. जेवून ओट्यावर टेकलात ते तसेच. आता जीप दारात येते. वर पोचायला मला तास लागला नाही, आणि ज्यासाठी घाई करायची ते संपलेलं होतं. बाळू मुंबईहून येईतो उन्हं कलली. तिरडी त्याच जुन्या पायवाटेनं निघाली, कारण ओढ्याकडं दुसरी वाट अजूनही नाही. आम्ही बाया मागून. बेहड्याखाली आल्यावर पुढचे दोघं अडखळले. धोंडूकाकांनी काठी टेकली, कातळाकडं बघितलं आणि म्हणाले, "ठेवा रे. आता ठेवा हितं."

मी तिथं खाली बसले, आप्पा. सगळ्यांना वाटलं, लेक आहे, रडणारच. बायांनी मला धरून मागं फिरवलं. बाळू कोरड्या डोळ्यांनी मडकं घेऊन पुढं गेला. मी मागं वळून त्याच्याकडं बघत होते आणि मनात म्हणत होते, आता ओरड, आत्ता सांग, तो ओढा ओलांडायच्या आत सांग. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. एरवी गिऱ्हाइकांवर खेकसणारी मी.

तर आता ते सांगते, जे तुम्ही कधीच सांगितलं नाहीत.

त्या सकाळी डोली बांधताना तुम्ही मला म्हणाला होतात, तांब्या भरून घे, घोट घोट पाजीत जाऊ तिला. चालता चालता पाजायचं होतं. त्यासाठी डोली टेकवायची गरजच नव्हती. मी शेजारच्या घरातून निवळलेलं पाणी मागून आणलं, तांब्या भरला, ओट्यावर ठेवला आणि आईचं धुतलेलं लुगडं आणायला आत गेले. बाहेर आले तर डोली उचललेली. मी लुगडं काखेत मारून धावले.

अर्धी वाट मला आठवणसुद्धा झाली नाही. मग आईनं पाणी मागितलं. तुम्ही खांद्यावर बांबू तसाच ठेवून एक हात मागं केलात. तांब्या दे गो, म्हणालात, हळूच, माझ्यापुरतं. मी काही दिलं नाही म्हणून मान वळवलीत. माझ्या काखेत लुगडं होतं आणि दोन्ही हात रिकामे. तुम्ही ते बघितलंत. मी तुमच्या डोळ्यांत बघितलं आणि तेव्हा मी ओरडले, ठेवा तिला, खाली उतरवा. दुसऱ्या कुणी माझे हात बघायच्या आत ओरडले. तुम्ही नेमाला धरून बसलात हे खरं. पण मी ओरडले ते तिच्या तहानेसाठी नव्हतं, निदान सगळं नव्हतं. मग ओढणी झऱ्यात भिजवून, पाणी निथळून जाऊ नये म्हणून ओंजळीत धरून तुमच्या मागं धावले. उंबरापाशी पोचले तेव्हा त्या ओढणीतलं पाणी मी आईच्या मिटलेल्या ओठांवर पिळलं. आणि मग तुम्हाला ते बोलले.

तिला घेऊन परत वर आलो, तर तांब्या ओट्यावर. काठोकाठ भरलेला, झाकण शेजारी काढून ठेवलेलं. दारात ही गर्दी, बायांचा आक्रोश. तुम्ही कुणाच्या लक्षात यायच्या आत तांब्या उचललात, आत जाऊन माठात रिकामा केलात आणि फडताळात ठेवून दिलात. जाताना माझ्याजवळून गेलात. माझ्या डोक्यावर हात ठेवलात. बोलला नाहीत. त्या दिवशी नाही, आणि पुढं एकोणतीस वर्षं नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरनं नंतर मला सांगितलं होतं की घोटभर पाण्यानं ती वाचली नसती, दोन दिवस आधी सलाईन लागायला हवं होतं. असेल. तो डॉक्टर शहाणा माणूस होता. पण ती तहानलेली गेली, आणि पाणी घरच्या ओट्यावर होतं.

मग नऊ प्रवास. नऊही वेळा तांब्या तुमच्याच हातात. नाशिकला तुमचा खांदा दुखत होता, तेव्हा माझे यजमान म्हणाले, आप्पा, तिच्याकडं द्या की. तुम्ही पटकन म्हणालात, नको, नको, तिला जड व्हईल. लिटरभर पाण्याचा तांब्या, तीस वर्षांच्या बाईला जड! यजमान हसले. पुस्तकात तो विनोद आहे, आप्पा, सातव्या प्रकरणात. मी तुम्हाला वाचून दाखवला तेव्हा तुम्हीही हसलात. तुम्ही मला पुन्हा कधी त्या तांब्याची जोखीम दिली नाहीत. मला शिक्षा म्हणून नव्हे, हे मला कळतं. मी परत विसरले असते तर मी जगले नसते, म्हणून.

आणि तुम्हाला पुस्तकात काय हवं होतं, तर तुमची चूक. माझी नव्हे. बाळूनं वाचावं की बापाला पस्तावा आहे. मी लिहायला बसले असते तर तुमची चूक लिहून थांबता आलं नसतं; हात पुढं गेला असता. म्हणून मी म्हटलं, हा प्रवास नाही.

तेराव्याला तुमच्या वस्तू वाटल्या. घोंगडी धोंडूकाकांना, काठीही त्यांनाच. मी तांब्या बाळूपुढं धरला. तो म्हणाला, मला त्यांचं काही नको. केस काढलेल्या डोक्यावर टोपी घालून जीपमध्ये बसला आणि गेला. तांब्या माझ्याकडं राहिला.

प्रेसवाल्याला थांबवलं आणि दोन दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून मी लिहिलं. सहा पानं झाली. लिहिताना एकदाही रडले नाही, अर्ज लिहितात तसं लिहिलं, कोण, कुठं, काय झालं. मग बाळूला फोन लावला आणि म्हटलं, मध्ये बोलू नको, वाचून दाखवते. त्याच्या बाजूला कुठंतरी टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला. संपल्यावर त्यानं एकच विचारलं.

"आप्पांना म्हाइत होतं?"

मी हो म्हटलं.

फोन बंद झाला. मी पुन्हा लावला नाही. पाच दिवस गेले. मला वाटलं, दोघांतलं एक माणूस मी जन्मभर तोडून ठेवलं होतं, आता दुसरं तुटलं. तक्रार नाही. तुम्ही एकोणतीस वर्षं जे वाहिलंत, ते मला पाच दिवसांत जड झालं, एवढंच कळलं.

आज सकाळी त्याचा फोन आला. ताई म्हणाला नाही. कशी आहेस विचारलं नाही. म्हणाला, "तो तांब्या तुझ्याकडं नको ठेवू. माझ्याकडं पायजे."

मी म्हटलं, पार्सल करते. तो म्हणाला, पार्सल नको, घेऊन ये. त्यात राग किती होता आणि दुसरं काय होतं, मला सांगता येणार नाही. दारात उभं करील की घरात घेईल, तेही माहीत नाही. त्याचं बरोबर आहे. ती वस्तू माझ्याकडं राहायची नाहीच.

प्रेसवाल्याला मघाशी कळवलं, नऊ नाही, दहा प्रकरणं होतील. नवीन कुठं घालू, त्यानं विचारलं. सगळ्यात आधी, मी सांगितलं. त्याचं पहिलं वाक्य असं आहे: 'त्या सकाळी आप्पांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडं दिला होता.' तुमची चूकही लिहिलीय, आप्पा, तुम्ही सांगितलीत तशीच, एका ओळीत. त्या चुकीच्या वाट्याला तेवढीच ओळ येते.

आता महाडच्या स्टँडवर बसून हे लिहितेय, त्याच शंभर पानी वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर. मुंबईची गाडी लागायचीय. तांब्या चिंचेनं घासला, इथल्या नळावर भरला, फिरकी दोनदा पिळून बसवली. पिशवीत घातलेला नाही, बाकावर ठेवलेला नाही. मांडीवर घेऊन बसलेय.